पेटीपाशी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या देशी दारूच्या बारच्या पाटीवर एक नाव होतं, पण ते घेताना मी कुणालाच ऐकलं नाही. बाहेर टपालाची लाल पेटी होती, म्हणून सगळे त्याला ‘पेटीपाशी’ म्हणत. “पेटीपाशी भेट.” “तुझे आण्णा पेटीपाशी आहेत, जा.” टपालपेटी कशासाठी असते हे कळायच्या आधी मला पेटीपाशी काय असतं ते ठाऊक होतं.

२०२३च्या पावसाळ्याआधी त्याचं शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. परवाना दुसरीकडे हलवला असं समजलं. किसननगरचा आमचा भाग क्लस्टर पुनर्विकास योजनेत आहे, म्हणजे आज ना उद्या ती खोलीही राहणार नाही. ठाण्यातल्या तलावांवर, देवळांवर, जुन्या वाड्यांवर लिहिणारी जाणती माणसं आहेत. ज्या खोलीत आमच्या अख्ख्या वस्तीच्या बापांनी आपल्या संध्याकाळी घालवल्या, तिच्याविषयी मात्र दोन ओळीही कुठे नाहीत. ती पाडली जाण्याआधी कुणीतरी लिहायला हवं होतं. ते काम मी घेतलं आणि त्यात सव्वा वर्ष गेलं.

मी तिथली गिऱ्हाईक नव्हते. मी पायरीवरची. कंपनीत हजाराच्या आत कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत द्यायचा, त्याहून जास्त असतील तर दहाच्या आत, ही १९३६च्या वेतन कायद्यातली तरतूद होती. कायद्याचं नाव मी फार उशिरा वाचलं, तारखा मात्र दुसरीत असल्यापासून पाठ होत्या. आमचे आण्णा सातवाले. सात तारखेला दिवेलागणीला आई मला पाठवायची. मी पायरीवर उभी राहायचे, आत काम करणारा पोऱ्या मला बघून मागे जायचा आणि थोड्या वेळानं घडी घातलेल्या नोटा आणून हातात द्यायचा. “आण्णांनी दिलेत. सरळ घरी जा.” आण्णा स्वतः कधी बाहेर आले नाहीत. दाराला हिरवा कापडी पडदा होता. पडद्याखालून मला चपला, बूट आणि पत्र्याच्या टेबलांचे पाय दिसायचे. माझं पेटीपाशी म्हणजे एवढंच, गुडघ्याच्या खालचं.

सुरुवात मी चुकीच्या दारातून केली. खाजगी कंपनीत हिशेब सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे आधी कागद बघायचा हा हाडाचा स्वभाव. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: अमुक पत्त्यावरचा सीएल-तीन परवाना प्रथम कधी दिला, कुणाच्या नावे, नूतनीकरण आणि स्थलांतर कधी झालं. सीएल-तीन म्हणजे देशी दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना. परमिट रूमचा वेगळा, तो एफएल-तीन. हा फरक आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही कळायचा, कारण परमिट रूमला काचेचं दार असे आणि देशीला पडदा.

माहिती दुसऱ्या कुणाच्या व्यवहाराची असेल तर २००५च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे त्या माणसाला पाच दिवसांत नोटीस जाते आणि म्हणणं मांडायला त्याला दहा दिवस मिळतात. हे मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला नव्हता. आठवड्याभरात फोन आला. आवाज म्हातारा, थकलेला. “ताई, तुम्ही फिटरच्या ना? डावखुऱ्या फिटरच्या? सरकारी नोटीस कशाला पाठवलीत? घर माहीत नव्हतं का माझं?”

मला काय बोलावं ते सुचेना. गल्लीच्या टोकाला राहणारा माणूस, त्याच्या दारात जायचं सोडून मी त्याला नोटीस धाडली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळ आणि पेढे घेऊन गेले, माफी मागितली. शेठनी, म्हणजे बारच्या मालकांनी, हरकत घेतली नाही. उलट घरातले कागद एका पिशवीत भरून समोर ठेवले. कुणाला असा इतिहास लिहायचा असेल तर माझं एवढं ऐकावं: अर्ज नंतर करा, आधी घरी जा.

शेठ मूळचे वसईकडचे भंडारी. त्यांचा आजा माडी काढायचा. म्हणजे या बारचा इतिहास १९७०च्या आसपास सुरू होईल या माझ्या अंदाजाला पहिल्याच संध्याकाळी धक्का बसला. आज्याकडून ऐकलेलं ते सांगत होते की प्रत्येक झाडावर नंबर असायचा, झाडामागे कर असायचा, कर भरला नाही तर कोयती लावता यायची नाही. मी ते वहीत उतरवलं, पण मनात शंका होती. मग ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. १८९३ साली सुरू झालेली संस्था आहे, आणि मी पाचवीत असताना तिच्या पायऱ्या पहिल्यांदा चढले होते. इंग्रजांनी १८८२ साली छापलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर आणि अबकारीवरचं बाकीचं वाचन चाळलं, तर शेठचा आजा बरोबर निघाला. १८७८चा मुंबई अबकारी कायदा. त्यानं गावोगावच्या भट्ट्या मोडून काढल्या, गाळणं सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यांत आणलं, उरण हे त्यातलं मोठं केंद्र, आणि माडीच्या झाडांवरचा कर वाढवला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा आला. जंगलात पडलेली फुलं वेचून घरात ठेवणं हा गुन्हा ठरला. येऊरच्या पायथ्याला आम्ही लहानपणी मोहाची फुलं तोंडात टाकायचो, ती आठवण वाचता वाचता जिभेवर आली.

‘गुत्ता’ हा शब्दही मला तेव्हा नीट समजला. आमच्याकडे गुत्ता म्हणजे दारूचं घाणेरडं दुकान, शिवीसारखाच शब्द. मुळात गुत्ता म्हणजे मक्ता. विक्रीचा हक्क सरकार लिलावात द्यायचं, तो घेणारा गुत्तेदार. म्हणजे ज्या शब्दानं आपण पिणाऱ्याला हिणवतो तो शब्द खरं तर सरकारच्या वसुलीचा आहे. शेठना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या बापाला शाळेत गुत्तेवाल्याचा म्हणून चिडवायचे. आजा तर नुसता झाडावर चढायचा हो.”

१९४९चा दारूबंदी कायदा आला, आणि १९५०च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी. माडी गेली. शेठचे वडील कामाच्या शोधात ठाण्याला आले. दारूबंदी होती ती गरिबाला, हे त्या काळातल्या माणसांशी बोलताना पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. ज्याची ऐपत होती तो डॉक्टरचा दाखला काढून परमिटवर विलायती घ्यायचा. कामगाराला हातभट्टी. काळा गूळ, नवसागर आणि काय काय. १९६३-६४मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारनं बंदी सैल केली, परमिट मिळणं सोपं झालं. देशीला उघडपणे परवाना मिळाला तो १९७३च्या नियमांनी. आणि तो परवाना आजही दारूबंदीच्याच कायद्याखाली मिळतो. शेठच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला जुना कागद मी हातात घेतला, तर माथ्यावर दारूबंदी अधिनियमाचं नाव. पन्नास वर्षं दारू विकली ती बंदीच्या कायद्यानं दिलेल्या परवानगीवर.

इथे पहिली गाठ पडली. कागद म्हणत होता १९७३च्या नंतर. पण मी ज्यांना ज्यांना विचारलं ते जुने कामगार शपथेवर सांगत होते की आम्ही त्याआधीपासून पेटीपाशी प्यायचो. एमआयडीसीची स्थापना १९६२ची, आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. साताऱ्याकडून, सांगलीकडून, कोकणातून माणसं येऊन हाजुरी, किसननगर, इंदिरानगरच्या बाजूला खोल्या करून राहिली. एका फाउंड्रीत मोल्डर असलेले काका, आता ऐंशी पार केलेले, मला म्हणाले, “पोरी, मी एकोणसत्तरला लागलो. पहिला पगार घेतला आणि तिथंच गेलो. तू कागद घेऊन मला खोटं पाडू नको.”

त्यांना वर्ष विचारण्यात अर्थ नव्हता, हे मला दोन-तीन भेटींनंतर कळलं. वर्ष विचारलं की माणूस अडखळतो किंवा ठोकून देतो. पगार किती होता विचारा, कोणत्या मशीनवर होतात विचारा, थोरला तेव्हा रांगत होता की चालत होता विचारा, मग वर्ष आपोआप हाती लागतं. रेल्वेचा संप झाला त्या उन्हाळ्यात, म्हणजे १९७४. गिरणीचा संप, म्हणजे १९८२. घरपट्टीच्या पावतीवर नगरपालिका असेल तर १९८२च्या ऑक्टोबरच्या आधीची, महानगरपालिका असेल तर नंतरची. विजेचं बिल राज्य विद्युत मंडळाचं असेल तर २००५च्या जूनच्या आधीचं. हिशेबाच्या कामात अशी ताळमेळाची सवय लागते, ती इथे उपयोगी पडली.

मोल्डर काकांना मी पुढच्या वेळी विचारलं, “पहिल्यांदा गेलात तेव्हा दारू कोणी दिली?” ते म्हणाले, “आंटीनं.”

कोण आंटी?

आणि गाठ सुटली. तीच खोली. पुढे चहाचं दुकान, मागे दुसरा धंदा. चालवणारी एक बाई, सगळे तिला आंटी म्हणत. माल येऊरच्या बाजूनं रात्री यायचा, मोटारीच्या टायरच्या ट्यूबमध्ये भरून, सायकलीवर. नवटाक, पावशेर अशी मापं. धाड पडली की मागच्या नाल्यात ओतायचं. १९७३मध्ये नियम बदलले, शेठच्या वडिलांनी भागीदारीत परवाना मिळवला आणि आंटीची खोली भाड्यानं घेतली. माणसं तीच, बाकं तीच, मालक नवा आणि बाटलीला सील. म्हणजे कागद खरा होता आणि काकाही खरे होते. दोघांनी एकाच खोलीच्या दोन वेगळ्या दारांची तारीख सांगितली होती. आंटीचं पुढे काय झालं, कुठे गेली, हे मी अकरा जणांना विचारलं. एकानंही सांगितलं नाही. तिच्या हातची पहिल्या धारेची सगळ्यांना आठवते, ती स्वतः कुणालाच नाही. याचा मला अजून राग येतो.

पेटीपाशीची रोजची घडी मात्र सगळ्यांनी हौसेनं सांगितली. सकाळी आठला शटर वर, कारण रात्रपाळी सुटलेली असे. त्या वेळची गिऱ्हाइकं मुकी. उभ्यानंच नव्वद मिली, म्हणजे ‘एक नव्वद’, घ्यायची, मीठ चाटायचं, घरी जाऊन झोपायचं. दुपारी पहिली पाळी सुटली की गोटी सोड्याच्या बाटल्यांचा आवाज सुरू. दाराशी चणेवाले मामा बसत, चणे, उकडलेली अंडी, लिंबाच्या फोडी. शनिवारी वजडी. देशीत संत्रा की मोसंबी एवढीच निवड. संध्याकाळी मात्र तिथे दारूपेक्षा बाकीचंच जास्त चाले, असं मला वाटायला लागलं आहे. कुठल्या गेटवर भरती आहे ते तिथे कळायचं. वीस जणांची भिशी होती, चिठ्ठ्या सोड्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये टाकून काढत. लिहिता न येणाऱ्यांची गावाकडची पत्रं एक टर्नर लिहून द्यायचा, पत्राला एक नव्वद, आणि पत्र लगेच बाहेरच्या लाल पेटीत. पेटी आणि पेटीपाशी यांचा संबंध माझ्या लक्षात आला तो असा. २६ जुलै २००५च्या रात्री कामावरून परतणारी माणसं तिथे टेबलांवर बसून राहिली, पाणी गुडघ्याला. त्या रात्री शेठनी दारू दिली नाही, चहा दिला. हे तिघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून लिहिते.

या सगळ्यातून मला त्या खोलीचा नकाशा काढायचा होता. फोटो नव्हताच. देशीच्या बारमध्ये फोटो कोण काढतो? एक मिळाला तो दसऱ्याचा, गल्ल्याला झेंडूचा हार आणि शेठच्या वडिलांचा अर्धा चेहरा, बाकी अंधार. मुलीच्या दप्तरातला आलेखाचा कागद घेतला, एका चौकोनाला एक फूट धरून चार भिंती आखल्या आणि प्रत्येक म्हाताऱ्यापुढे तो कागद ठेवायला लागले. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, पण नुसत्या प्रश्नानं जे निघत नव्हतं ते कागदावर बोट ठेवल्यावर निघालं. इथे बाकडं. इथे पाण्याचा पिंप. इथे तो जोशी बसायचा, नाही, जोशी नव्हे, तो दुसरा, गॅसवेल्डर. इथे भिंतीवर युनियनची नोटीस चिकटवायचे.

एकाच गोष्टीवर एकमत होईना. १९९४ साली दुरुस्ती झाली, त्याची पावती शेठकडे आहे. तेव्हापासून काउंटर आत शिरल्यावर उजवीकडे. त्याआधी कुठे? मोल्डर काका म्हणाले समोर. गॅसवेल्डर म्हणाले उजवीकडेच, हललाच नाही. चणेवाल्या मामांचा मुलगा म्हणाला डावीकडे, पण तो तेव्हा सहा वर्षांचा. शेठ स्वतः तेव्हा वसईला असत, त्यांना सांगता येईना. क्षुल्लक गोष्ट आहे हे मला कळत होतं. पण ज्या खोलीच्या पडद्याखालून मी दहा वर्षं पाय बघितले, त्या खोलीत माणसं कुठे तोंड करून उभी होती एवढंही मला माहीत नसावं, हे सहन होत नव्हतं.

बायकांकडे मी उशिरा गेले. हीसुद्धा माझी चूक. बारचा इतिहास म्हणजे पिणाऱ्यांचा, असं मीही धरून चालले होते, मी स्वतः पायरीवर उभी राहिलेली असून. २००९च्या सुमाराला आमच्या वॉर्डात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, सह्या गोळा झाल्या होत्या. तेव्हा मतदानाची मागणी करायला वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागत, आणि मग एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं बाटली आडवी करायला पडावी लागत. फक्त आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त. आमच्या सह्या पहिल्या पायरीलाच कमी पडल्या. ज्यांनी सही केली होती त्यांच्याकडे गेले, ज्यांनी केली नव्हती त्यांच्याकडेही गेले.

सही न करणाऱ्या एका मावशी मला म्हणाल्या, “तिथं बसलाय हे ठाऊक असायचं. पोराला पाठवलं की सापडायचा. हे बंद झालं असतं तर नाल्याकडं गेला असता, ट्यूबमधली प्यायला. विक्रोळीला काय झालं होतं?” २००४मध्ये विक्रोळीला विषारी दारूनं ऐंशीहून जास्त माणसं मेली. पुढे २०१५मध्ये मालवणीला शंभराहून अधिक. सही केलेल्या दुसऱ्या मावशींनी मंगळसूत्राकडे बोट दाखवलं. मणी होते, सोनं नव्हतं. “हे बघ. वाट्या तिथं गेल्या.” दोघी एकाच चाळीतल्या, भिंतीला भिंत. मी दोघींचंही लिहून घेतलं आणि त्यातलं कुठलं बरोबर हे ठरवायच्या फंदात पडले नाही. दोघींनी आपापल्या घरातला हिशेब सांगितला होता आणि दोन्ही हिशेब जुळत होते.

आईनंही तेव्हा सही केली होती. आण्णांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. २०११ला ते गेले.

शेठनी पिशवीच्या तळातून शेवटी काढल्या त्या उधारीच्या वह्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, पाडव्याला नव्या घातलेल्या. बाकीच्या रद्दीत गेल्या, चार उरल्या होत्या. “तुमच्या वडिलांचं नाव असेल यात,” ते म्हणाले, “तुम्ही बघा, मी बघत नाही,” आणि आत निघून गेले.

वह्यांमध्ये नावं नव्हती. कामं होती. टर्नर चष्मा. रोड बावीस, लेथ. मोल्डर उंच. पॉलिशवाला नवा. आणि १९८७च्या वहीत: फिटर डावखुरा.

ते वर्ष टाळेबंदीचं. आण्णांच्या कंपनीला अकरा महिने टाळं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची, आणि मला पक्कं आठवतं की त्या वर्षातही मी सात तारखेला पायरीवर गेले होते, एकदा नव्हे अनेकदा, आणि दर वेळी पोऱ्यानं नोटा आणून दिल्या होत्या. आण्णांनी दिलेत, सरळ घरी जा. कंपनी बंद असताना आण्णांकडे नोटा कुठून आल्या, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांतही पडला नाही.

वहीत एक नव्वद, एक नव्वद, सोडा, अशा ओळी होत्या. आणि त्यांच्या मधे मधे, त्याच अक्षरात, मुलगी १०. मुलगी १५. मुलगी, दूध, ५. शाळा, २०.

मी त्या ओळी बोटानं मोजल्या. सतरा. ज्या नोटा मी मुठीत धरून घरी पळत नेत होते त्या शेठच्या वडिलांच्या गल्ल्यातल्या होत्या आणि आण्णांच्या नावावर चढत होत्या. मला त्या म्हाताऱ्याविषयी एकदम खूप कृतज्ञता वाटली, आणि त्याच क्षणी हेही दिसत होतं की तो गल्ला आण्णांसारख्यांच्याच पगारानं भरलेला होता, आणि मुलगी १०च्या वर आणि खाली नव्वदच्या ओळी चालूच होत्या. टाळेबंदीत आण्णा जास्त पीत होते. हे मला माहीत होतं, वहीत ते आकड्यांत होतं. दोन्ही एकाच पानावर होतं आणि मी ते दोन्ही इथे लिहिते आहे.

पानाच्या शेवटी बेरीज, तीनशे चाळीस. बेरजेवर आडवी रेघ. आणि रेघेखाली बारीक अक्षरात, बाईंनी दिले.

शेठना विचारलं, कोण बाई? त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “अक्षर आमच्या वडिलांचं. बाई म्हणजे घरची बाई असणार. तुमच्या आई.”

घरी आले तेव्हा आई लसूण सोलत होती. वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो तिला दिसणार नव्हता, म्हणून वाचून दाखवला. ती सोलत राहिली. मग म्हणाली, “बॉलपेनं भरायचं काम धरलं हुतं तवा. ग्रोसवर पैसं. रात्रीची भरायची मी, तुम्ही झोपल्यावर. पाडव्याच्या आदल्या दिशी नेऊन दिलं.”

“कुणाच्या हाती पाठवलेस?”

“कुनाच्या हाती कशाला? मीच गेलते.”

“आत?”

“मग भाईर उभं राहून उधारी फेडत्यात व्हय? दुपारचं गेले, गर्दी नसती तवा. पदर घेतला आन गेले.”

ज्या पायरीच्या पुढे मला कधी जाऊ दिलं नाही, ती पायरी ही बाई ओलांडून आत गेली होती. पैसे मोजून दिले होते. बावीस वर्षांनी तेच दुकान बंद व्हावं म्हणून सही केली होती. आणि या सव्वा वर्षात मी अकरा पुरुषांच्या घरी तो आलेखाचा कागद घेऊन हिंडले, आईपुढे एकदाही ठेवला नव्हता.

कपाटातून कागद काढला. तिला चौकोनांचं समजावून सांगितलं: हे दार, ही पायरी, ही बाहेर टपालाची पेटी. तिनं लसणाची सालं बाजूला सारली, हात पदराला पुसला आणि कागद स्वतःकडे फिरवून घेतला.

“काउंटर डाव्या अंगाला हुतं,” ती म्हणाली. “जाळी हुती लोखंडाची. जाळीच्या खालनं पैसं सारलं मी, तवा हा खांदा भितीला लागला. चुना लागला लुगड्याला, तो झाडत भाईर आले.” तिनं डावा खांदा दाखवला.

मी उजवीकडचा काउंटर खोडला आणि डावीकडे काढला. ती बघत होती. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि काउंटरच्या मागे, भिंतीला लागून, थरथरत्या हातानं एक लहानसा चौकोन काढला.

“हितं देव्हारा. गनपती. वर लाल बल्ब हुता, दिवसाबी चालू.”

अकरा गिऱ्हाइकांपैकी एकानंही मला तो सांगितला नव्हता.